घर विकताना होणाऱ्या चुका

(एका ऊस उत्पादक सभासदाकडून)



आपल्या भागात पाणी आले, ऊस आला, आणि माणसे गावातून उठून मळ्यात राहायला गेली. गावठाणातले जुने घर कुलपात पडले. माळवद गळते, पांढरी माती खचते, दिवाळीला कोणीतरी जाऊन झाडलोट करते, एवढाच काय तो संबंध. मग एखाद्या वर्षी पाईपलाईनचे काम निघते, मुलाची कॉलेजची फी येते, मुलीचे लग्न ठरते, आणि जेवताना कोणीतरी म्हणते, "ते गावातलं घर तरी काढून टाकू."

मी असे घर २०१३ साली विकायला काढले. चार महिन्यांत उरकेल म्हणून हातात घेतलेले काम दहा महिने चालले. दीड लाखाचा खड्डा पडला, आणि नात्यात वर्षभर अबोला राहिला. वजनकाट्यावर आपली गाडी चढली की आपण आकड्यावरून नजर हलवीत नाही. पण घरासारखी वस्तू विकताना त्याच्या निम्मीसुद्धा काळजी घेत नाही. म्हणून हा लेख.

गरज गावाला कळली की भाव गेला

आषाढात शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. मी त्याच महिन्यात शेजाऱ्याकडे गेलो आणि "पाईपलाईनला पैसे पाहिजेत" असे स्वतःच्या तोंडाने सांगून बसलो. त्याने नऊ लाख म्हटले, मी मान हलविली. दुसऱ्या कोणाला विचारले नाही. गावठाणात घराला लागून असलेला शेजारी हा खरा गिऱ्हाईक असतो हे बरोबर आहे, कारण त्याला जागा जोडून मिळते. पण म्हणूनच त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जावे.

भाव ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, सरकारी बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाववार पाहायला मिळतो. दोन, आपल्या आळीत दोन-तीन वर्षांत जी खरेदी झाली असेल तिची सूची क्रमांक दोन, ज्याला कचेरीत 'इंडेक्स टू' म्हणतात. त्यात क्षेत्र आणि रक्कम दोन्ही लिहिलेली असते. तीन, एखाद्या जाणत्या गवंड्याकडून किंवा इंजिनिअरकडून बांधकामाचा अंदाज. जुन्या घरात किंमत बहुतेक जागेची असते, हे खरे. पण सागवानी तुळया, खांब, घडीव दगडी पायऱ्या, दाराची चौकट यांनाही गिऱ्हाईक आहे. हे लाकूड-दगड घराबरोबर जाणार की आपण उतरवून नेणार, ते आधी बोलून कागदावर घ्यावे. माझ्या देवघराची चौकट मी नेणार होतो. कागदावर नव्हती, राहिली.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

आपल्याकडे विचारा, घर कोणाच्या नावावर? उत्तर येते, "आमच्याच, घरपट्टी आम्हीच भरतो." ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ हा कर आकारणीचा उतारा आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढेच तो सांगतो. मालकीचा पुरावा म्हणजे आपले खरेदीखत, नोंदविलेले वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र, न्यायालयाचा हुकूम. जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, पाहतात. ज्या गावांत तो झालेला नव्हता तिथे २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. आपल्या गावची पत्रिका तयार झाली असेल तर आधी ती काढावी आणि डोळे उघडे ठेवून वाचावी. क्षेत्र चुकलेले असते, बोळ शेजाऱ्याकडे गेलेला असतो, आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते. दुरुस्ती करायची ती गिऱ्हाईक येण्यापूर्वी. गिऱ्हाईक दारात उभे असताना दुरुस्तीचा अर्ज केला की ते एक तर भाव पाडते नाही तर निघून जाते.

घर मळ्यात, सातबाऱ्याच्या जमिनीत असेल तर गोष्ट निराळी. तिथे घर आणि भोवतालचे दोन गुंठे विकतो म्हटल्याने विकता येत नाहीत. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो, आणि घेणारा शेतकरी नसेल तर कूळ कायदाही. या नियमांत सरकारने वेळोवेळी बदल आणि सवलती केल्या आहेत. म्हणून अशा घराचा विसार घेण्याआधी दुय्यम निबंधक कचेरीत आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, चौकशी करावी. शंभराच्या नाही तर पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून "गुंठा दिला" असे करणारांनी दिलेही काही नाही आणि घेणाराला मिळालेही काही नाही.

आत्याची सही

आता माझी मुख्य चूक. ती इतक्या घरांत होते की थोडे सविस्तर सांगतो.

घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले. ते १९७१ साली वारले. आजी त्यांच्यानंतर गेली. वडील एकुलते एक मुलगे, आणि त्यांना एक बहीण, आमची आत्या. वडील गेल्यावर आई, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी यांची नावे लागली. माझ्या बहिणींनी सही द्यायचे कबूल केले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. विसारपावती लिहिणाराने नेहमीचे वाक्य घातले, "सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून तीत अन्य कोणाचाही हक्क-हितसंबंध नाही." मी सही ठोकली.

शेजाऱ्याच्या वकिलाने कागद पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "आजोबांना मुली किती?"

मी म्हटले, "एक आत्या. पण ती लग्न होऊन गेली, वारलीसुद्धा."

ते म्हणाले, "मग तिची मुलं कुठं आहेत?"

पुष्कळ जणांना वाटते की मुलींचा हक्क २००५ साली आला. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी ही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे, मग लग्न झालेले असो वा नसो. वडील मृत्युपत्र न करता गेले की तिचा हिस्सा उभा राहतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने हिस्सेदार झाली ती आपल्या महाराष्ट्रात आधी १९९४ च्या दुरुस्तीने, आणि साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी होऊन किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटणी झालेली असेल तर मात्र ती मोडत नाही.

म्हणजे आमच्या घरात निम्मा हिस्सा आत्याचा होता, आणि तिच्या पश्चात तिच्या तीन मुलांचा. घराचा प्रत्येकी सहावा भाग. एक ठाण्याला, एक इचलकरंजीला, आणि आतेबहीण सोलापूरला. आम्ही त्यांना गेल्या वर्षी मुलाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा पोस्टाने पाठविली होती.

मी थोरल्या आतेभावाकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, सही देतो. आईचं माहेर होतं ते, मला त्याचा पैसा नको. पण घर विकायचं ठरवलं तेव्हा एक फोन करायचा होता." धाकट्यानेही तसेच केले, येण्याजाण्याचा खर्च तेवढा घेतला. आतेबहिणीने मात्र सरळ हिस्सा मागितला. घरात मंडळींना राग आला. मलाही आला, खोटे कशाला सांगू. पण तो तिचा हक्कच होता, आणि तिच्या घरची ओढाताण आम्हाला ठाऊक होती. नऊ लाखांचा सहावा भाग दीड लाख. विसार मी घेतला होता तोही दीड लाखच, आणि तो पाईपलाईनच्या चरात गाडला गेला होता. उसाचा पहिला हप्ता येईपर्यंत हातउसने करून तिला दिले.

यात आणखी एक खाच आहे. बहिणीने कोऱ्या स्टँपवर "माझा हक्क नाही" असे लिहून नोटरी केले की झाले, अशी समजूत असते. तसे होत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले पाहिजे. नाही तर सर्व वारसांनी खरेदीखतातच लिहून देणार म्हणून सह्या कराव्यात, ते जास्त सुटसुटीत. हक्कसोडीचा मुद्रांक नात्यानुसार बदलतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे. वारसांत कोणी अज्ञान असेल, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला, आणि वडिलांच्या मागे त्याच्या नावे हिस्सा आला असेल, तर आईच्या सहीने भागत नाही. न्यायालयाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो.

एका भावाने रागाच्या भरात आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकण्याचेही प्रकार होतात. राहत्या घरातला असा हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरात येऊन बसण्याचा हक्क मिळत नाही, त्याला वाटणीचा दावा करावा लागतो. आणि वारसाहक्काने आलेल्या मिळकतीत बाकीच्या वारसांना तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क आहे. घेणाराही अडकतो, भाऊही अडकतात.

विसार, मुदत आणि किल्ली

माझ्या विसारपावतीत मुदत लिहिलेली नव्हती. "ठरल्याप्रमाणे खरेदी न दिल्यास विसाराची दुप्पट रक्कम परत करीन" हे मात्र ठळक होते. शेजारी भला म्हणून थांबला. दुसरा असता तर तीन लाख मागून दावा लावला असता. म्हणून विसाराची रक्कम थोडी ठेवावी. बाकी रक्कम कोणत्या तारखेला, कशाने, आणि न आल्यास काय, हे दोन्ही बाजूंसाठी लिहावे. घेणारा बँकेचे कर्ज काढणार असेल तर मंजुरीला किती दिवस जातील तेही धरावे. आणि विसाराचा पैसा खरेदीखत होईपर्यंत खर्च करू नये. हे मी सांगतो आहे म्हणजे काय ते समजा.

विसार रोख घेणे ही आज नुसती चूक राहिलेली नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला १ जून २०१५ पासून बंदी झाली, आणि जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकतो. दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. धनादेश, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेतून थेट भरणा, याशिवाय रक्कम घेऊ नये.

किल्लीचे तर विचारूच नका. "मुहूर्त आहे, सामान तेवढं ठेवतो," असे म्हणून माणूस आत येतो, आणि बाकी पैसे राहतात. मग त्याला बाहेर काढायला वर्षे जातात. ताबा देऊन साठेखत केले तर मुद्रांकाच्या दृष्टीने ते खरेदीखतासारखेच धरले जाते, हेही लक्षात असू द्यावे. संपूर्ण रक्कम खात्यावर जमा, दस्ताची नोंदणी, आणि मग किल्ली. खरेदीखतावर सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीला दाखल करावे लागते, म्हणून सही एक दिवशी आणि नोंदणी सवडीने असे करू नये. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर घर विकले असे मानू नये. त्याने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि मध्यस्थाला सरसकट मुखत्यारपत्र देणे म्हणजे भरलेली तिजोरी सांभाळायला देण्यासारखे आहे.

"दस्तात कमी दाखवू"

हे वाक्य प्रत्येक व्यवहारात एकदा तरी कानावर येते. घेणाराचा मुद्रांक वाचतो, आणि विकणाऱ्याला सांगतात की तुमचाही कर वाचेल. समजा, सौदा तीस लाखांना ठरला, दस्तात अठरा दाखविले, बारा रोख. रेडी रेकनरने घराची किंमत बावीस लाख निघते. मुद्रांक तर बावीसवर लागतोच, आणि आयकर खातेही आपल्याला बावीस लाख मिळाले असे धरते. दस्तातील रक्कम आणि सरकारी मूल्य यांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, इथे तो त्याहून जास्त आहे. राहिले बारा लाख. ते बँकेत भरता येत नाहीत, त्यांचे नवे घर सरळपणे घेता येत नाही, आणि घेणाऱ्याने बुडविले तर मागायला कागद नाही. वाचले कोणाचे, तर घेणाऱ्याचे. उलट आपले घर इतके पडके असेल की सरकारी मूल्यच जास्त वाटते, तर आयकराच्या वेळी मूल्यांकन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून घेण्याची मागणी करता येते.

आपण शेतकरी, आपल्याला आयकर नाही, ही समजूत तर फार पक्की आहे. उसाच्या बिलावर नाही, बरोबर. पण घर ही शेती नव्हे. गावठाणातल्या घराच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे असेल तर तो दीर्घ मुदतीचा नफा. वारसाने आलेल्या घरात वाडवडिलांचा काळही धरतात. १ एप्रिल २००१ पूर्वीचे घर असेल तर त्या दिवशीची बाजार किंमत ही खरेदीची किंमत म्हणून घेता येते, मात्र त्या दिवशीचे मुद्रांकाचे सरकारी मूल्य उपलब्ध असेल तर त्यापेक्षा जास्त नाही.

२३ जुलै २०२४ पासून या नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे, महागाईची वजावट न देता. त्या तारखेपूर्वीचे घर असेल तर वजावट घेऊन वीस टक्क्यांनी काढलेल्या कराशी तुलना करता येते, आणि जो कमी तो भरायचा. हिशेब करून पाहू. २००१ ची किंमत दोन लाख, विक्री २०२५-२६ मध्ये तीस लाखांना. साडेबारा टक्क्यांनी अठ्ठावीस लाखांवर कर ३,५०,०००. त्या वर्षीचा महागाई निर्देशांक ३७६, म्हणजे दोन लाखांचे ७,५२,००० झाले. नफा २२,४८,०००, वीस टक्क्यांनी कर ४,४९,६००. इथे साडेबाराच बरा. पण २००१ ची किंमत चार लाख निघाली तर? पहिल्या रीतीने ३,२५,०००, दुसऱ्या रीतीने २,९९,२००. पारडे फिरले. उपकर यात धरलेला नाही. म्हणून मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून २००१ ची किंमत काढून घ्यावी, त्याची फी वाया जात नाही. भावंडांचे हिस्से असतील तर प्रत्येकाचा कर त्याच्या त्याच्या हिश्श्यावर.

हा कर वाचविण्याची सरळ वाट कायद्यातच आहे. नफ्याच्या रकमेतून विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरे राहते घर घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खर्च न झालेली रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. बांधकामाची बिले जपून ठेवावीत. नवे घर तीन वर्षांत विकले तर सूट जाते. पण घर विकून शेतजमीन घेतली, ठिबक केले, ट्रॅक्टर घेतला, तर ही सूट मिळत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण नेमके हेच करतात, आणि दोन वर्षांनी नोटीस आली की गट ऑफिसात येऊन विचारतात.

विक्री पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का कापून आपल्या नावे सरकारात भरतो. ते पैसे बुडाले असे समजू नये, विवरणपत्रात वजा होतात.

उरलेल्या गोष्टी

घरावर बँकेचे कर्ज होते आणि फिटले, तर मूळ कागद परत आले का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या सूचनेनुसार बँकांनी कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत कागद परत द्यायचे आहेत, उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये. बोजा कमी केल्याची नोंदही उताऱ्यावर बघावी. भाडेकरू असेल तर आधी त्याच्याशी लेखी मिटवावे.

घराचे दोष लपवू नयेत. वाळवी लागलेली तुळई, शेजाऱ्याशी सामाईक भिंतीचा तंटा, मागच्या घराचा आपल्या अंगणातून जाण्याचा हक्क, हे घेणाऱ्याला सहज दिसत नाही आणि ते सांगणे कायद्याने विकणाऱ्यावर आहे. सांगितले तर पन्नास हजार कमी मिळतील. न सांगितले तर वकिलाला जातील. चतुःसीमा लिहिताना मात्र स्वतः जागेवर उभे राहून पूर्व-पश्चिम बघावी. जुन्या दस्तात जो शेजारी लिहिलेला असतो तो मरून तीस वर्षे झालेली असतात.

खरेदीखत झाल्यावर घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीज बिल त्या तारखेपर्यंत भरून पावत्या ठेवाव्यात, आणि ग्रामपंचायतीत व वीज कंपनीत नाव बदलले का ते आपणच जाऊन पाहावे. मी गेलो नाही. पुढची दोन वर्षे शेजाऱ्याच्या गोठ्यात चालणाऱ्या कडबाकुट्टीचे वीज बिल माझ्या वडिलांच्या नावाने मळ्यात येत होते.